सपरीतली खिडकी

घर बांधलं जात असतं तोवर ते कोणाचंच नसतं. मालक येतो, मिस्त्री येतो, रेतीच्या ट्रकचा ड्रायव्हर पाणी प्यायला आत शिरतो, शेजाऱ्यांच्या बकऱ्या जिन्यावर चढून बसतात. पुढे जिथे देव बसणार असतात तिथे सिमेंटच्या गोण्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यावर कोणीतरी दुपारची झोप काढत असतं. मी आर्किटेक्ट. माझं आयुष्य अशा घरांतून चपला घालून फिरण्यात चाललं आहे. मग एक दिवस वास्तुपूजन होतं, उंबरठ्याला हळदकुंकू लागतं आणि त्या बांधकामाचं घर होतं. त्या दिवसापासून मी बाहेरचा. हे सगळ्याच आर्किटेक्टांचं होतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. माझ्या बाबतीत त्यात आणखीही काही होतं, ते एका खिडकीमुळे कळलं.

माझं ऑफिस तुमसरला आहे. खाली औषधांचं दुकान, वर मी. इकडे आर्किटेक्ट हा शब्द लोकांच्या जिभेवर बसत नाही. मी 'नक्शेवाले साहेब'. नक्शा लागतो तो बँकेला आणि नगरपरिषदेला. घर बांधायला मिस्त्री पुरेसा असतो आणि घराचा चेहरा मोबाइलमधून येतो. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी फोन पुढे करतं, "साहेब, असंच पायजे." फोनवर दुबईचा नाहीतर गुडगावचा बंगला, समोरून सगळी काच. मी म्हणतो, भाऊ, मे महिन्यात या काचेमागे पापड भाजून निघतील. तो म्हणतो, एसी लावू. मी म्हणतो, लाइट गेली तर? तो म्हणतो, इन्व्हर्टर आहे ना. मग मी चिडतो आणि तो दुसऱ्या नक्शेवाल्याकडे जातो. माझी बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाइकांशी भांडायचं दुकान काढलंय, त्यात अधूनमधून एखादं घर होतं. तिचं अगदीच खोटं नाही.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की प्लॅन म्हणजे भिंतींचा नकाशा. काम करायला लागल्यावर मला वेगळंच दिसायला लागलं. प्लॅन म्हणजे कोण कुठवर येणार याचा नकाशा. दूधवाला कुठवर, जावई कुठवर, भांडी घासणारी बाई कुठवर, शेतावरचा गडी कुठवर. हे तोंडाने कोणी बोलत नाही. लोक फक्त म्हणतात, "साहेब, इकडून एक दार द्या," किंवा म्हणतात, "इथं दार नको." मी मुकाट्याने पेन्सिल फिरवतो आणि मनातल्या मनात त्या घराची सगळी नाती वाचत असतो. या वाचनाचा मला गर्व होता. कॉलेजांत भाषणाला बोलावलं की तिथेही मी हे सांगायचो आणि समोरची मुलं लिहून घ्यायची.

माझं वेड सपरीचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे घराच्या पुढच्या अंगाला आंगणाकडे उघडी, वरून छप्पर असलेली जी बसायची जागा असते ती सपरी. धानाचा हिशेब तिथे होतो, भांडणं तिथे मिटतात, पाहुणा आधी तिथे टेकतो, दुपारी म्हातारे तिथेच आडवे होतात. स्लॅबची घरं आली आणि सपऱ्या गेल्या. त्यांच्या जागी ग्रिल लावलेला, स्कूटर ठेवायचा पोर्च आला. मला याचा राग होता. रस्त्यावरच्या माणसाला आणि घरातल्या माणसाला एका उंचीवर बसवणारी जागा तुम्ही मोडलीत, असं मी ज्याला त्याला सुनावत असे. सपरी म्हणजे घराचं सगळ्यांसाठी उघडं असलेलं मन, असलं एक वाक्यही मी तयार ठेवलं होतं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःवरच दातओठ खावेसे वाटतात.

या वेडाला खतपाणी घालणारा माझा दोस्त होता. शाळेपासूनचा. तुमसरहून करडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर लोक त्याच गावाला नावं ठेवतील आणि स्वतःच्या गावाकडे पाहणार नाहीत. दोस्ताचं घराणं तिथलं जुनं, धानाची शेती असलेलं. आमचे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले, वडिलांना सरकारी नोकरी लागली, मी शिकलो. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. नागपूरला शिकायला गेलो तेव्हा एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, एकमेकांचे शर्ट घालून मुली पाहायला फिरलो. तो आमच्या घरी यायचा तेव्हा सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईच्या समोर पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "काकू, चटणी काढा." आई खूश. मी त्याच्या घरी जायचो तेव्हा आम्ही सपरीत कॅरम खेळायचो. पोरांना खेळायला सपरीच लागते, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

दोस्त पुढे शेती सांभाळून तालुक्याच्या राजकारणात पडला आणि त्याने जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. तो ऑफिसला आला, पण त्याच्या हातात फोनवरचा बंगला नव्हता. तो म्हणाला, "अबे, बाकी घर तुले वाटंल तसं कर. मले फक्त सपरी मोठी पायजे. दिवसभर लोकं येऊन राहतात. सगळं सपरीतच झालं पायजे."

"सगळं म्हणजे?"

"हात धुवाले बेसिन. बाजूले संडास-बाथरूम. कोनी थांबला तर एक खोली, तिचं दार बी सपरीतच. आन रांधनीतून सपरीत एक खिडकी दे. आईचे घुटने दुखतात, चहा घेऊन चकरा मारनं होत नाई तिच्याच्यानं."

रांधणी म्हणजे स्वयंपाकघर. मी हरखलोच. इतक्या वर्षांत एका तरी माणसाला सपरी कळली, आणि तो माझा दोस्त निघाला. त्याच दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं, बघ, शिकलेल्यांना नाही कळत ते याला कळतं. तिने विचारलं, "लोकांसाठी वेगळं संडास कशाला?" मी म्हणालो, राजकारणातला माणूस आहे, शंभर लोक येतात. ती भाजी निवडायला लागली. मला वाटलं पटलं.

ते घर मी जीव ओतून केलं. सपरी उत्तरेकडे ठेवली, म्हणजे उन्हाळ्यातही दिवसभर सावली. विटांचे खांब, वर सागाचे वासे आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं. पुढच्या कठड्याची रुंदी अशी ठेवली की माणूस त्यावर पाय दुमडून बसेल किंवा पाठ टेकून लवंडेल. खाली कोटा फरशी, पायाला गार. मिस्त्रीने कवेलूला नाक मुरडलं, पत्रा टाका म्हणाला, त्याच्याशी भांडलो. खिडकी मात्र मला सगळ्यात जमली होती. कठडा भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल अशी तिची जागा आणि पातळी, खाली काळ्या ग्रॅनाइटची रुंद पट्टी, कप ठेवायला. सरकणारं लाकडी दार. आतून चहा पुढे सरकला की बाहेरच्याने उठायचीसुद्धा गरज नाही.

दोस्ताची आई बांधकामावर यायची. उन्हात छत्री घेऊन, रेतीतून पाय उचलत. ओट्याची उंची ठरवायला मी तिला रांधणीत उभं केलं आणि म्हणालो, काकू, पोळी लाटताना हात धरता तसा धरा. तिने हवेत लाटणं धरलं. मी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. "बाबू, थोडा खालीच ठेवजो," ती म्हणाली, "माह्या खांद्याले झेपत नाई." मी खूण खाली घेतली. देवघर रांधणीतच, खिडकीच्या भिंतीच्या कोपऱ्यात होणार होतं, त्यासाठी तर मी स्वतः तिथे रेतीवर मांडी घालून बसलो. तिच्या डोळ्यांची उंची धरून, सकाळचा उजेड कुठून यावा हे पाहत. ती समोर उभी राहून हसत होती. "तूच बसला देवासारखा," म्हणाली. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. ती खरंच हसत होती आणि खरंच प्रेमाने बोलत होती, आणि हेच मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही.

वास्तुपूजनाला मी बाबांना घेऊन गेलो. मांडव आंगणात होता, जेवण उभ्यानेच, सगळ्या गावाला. सत्यनारायण आत चालला होता. सपरीत दोस्ताने मला शाल घातली, नारळ दिला, माइकवर माझं नाव घेतलं आणि ही सपरी पाहायला आता तालुका येईल असं म्हणाला. बाबांनी धोतर-सदरा नवा घातला होता. ते कठड्यावर बसले, मागे टेकले आणि खिडकीतून चहा आला. परत येताना गाडीत म्हणाले, "चांगलं केलंस. आमच्या वख्ताले तिथं आंगनात उभं राहा लागे. आता बसून चहा भेटला." माझ्या धंद्याने बाबांना काहीतरी दिलं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्यानंतर बाबा संध्याकाळी आपणहून तिथे जाऊन बसायला लागले. निवृत्त माणूस, दोस्ताच्या वडिलांच्या वयाच्या लोकांशी गप्पा मारायचे, चहा घेऊन यायचे.

मीही जात होतो. महिन्यातून एकदा तरी. गाडी लावली की दोस्त आतून "ये बे" म्हणत बाहेर येई, आम्ही कठड्यावर बसू, पंखा फिरे, खिडकी सरके. चहा कागदी कपात. कोरोनानंतर कागदी कपाचं कोणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नाही. त्याचा कप चिनी मातीचा असे, पण घरच्या माणसाचा कप घरचाच असणार. घराचे आतले फोटो काढायचे राहिले होते. मासिकाला पाठवायचे होते. मी म्हटलं, आज काढू? तर आई पूजेत असायची. दुसऱ्या वेळी आत पसारा होता. तिसऱ्या वेळी पाहुण्या बायका होत्या. मी फोटोग्राफरला तसंच परत पाठवायचो आणि सपरीचेच आणखी फोटो काढून घ्यायचो. सपरी फोटोत फार देखणी दिसते.

मग नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक मुलांना घेऊन आले. त्यांना माझी सपरी दाखवायची होती. मी तिथे उभा राहून भाषण दिलं, तेच, उघड्या मनाचं. मुलं वासे मोजत होती, खिडकीचं दार सरकवून पाहत होती. दोस्ताची आई दारात आली आणि म्हणाली, "या ना, आतून बी पाहा." मुलं चपला काढून आत गेली. मीही निघालो, तर दोस्ताने माझ्या खांद्यावर हात टाकून मला खाली बसवलं. "तू बस बे. यायले पाहू दे. तू तर बनवलंस, तुले काय पाहाचं?" मी बसलो. आतून मुलांचे आवाज येत होते. त्यांतल्या कोणाची आडनावं कोणी विचारली नव्हती. नागपूरची पोरं, जीन्स घातलेली, त्यांना कोण विचारणार? एक मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "सर, देवघरात काय उजेड येतो! तुम्ही नाही आलात?" मी म्हणालो, मला पाठ आहे सगळं. 

त्या दिवशी मला कळलं असं म्हणणार नाही. कळायला आलं आणि मी ते बाजूला सारलं. माणूस दोस्ताविषयी असं लगेच मानत नाही. मी स्वतःलाच समजावलं की तुझ्या मनातच खोट आहे, तो तर तुझ्या आईच्या हातची चटणी मागून खाणारा माणूस.

मग मार्चमध्ये त्याचा फोन आला. "अबे, देवघराच्या भिंतीले ओल येऊन राहिली. पोपडे पडून राहिले. आई लय वैतागली. येऊन पाह्य ना एकदा."

"मार्चमध्ये ओल?"

"तेच तर."

उन्हाळ्याच्या तोंडावर ओल म्हणजे पाऊस नव्हे. पाइप फुटला असेल, टाकी गळत असेल. पण त्या भिंतीत मी एकही पाइप घातला नव्हता, नक्शा माझ्या डोक्यात होता. गाडी चालवताना मी तोच विचार करत होतो. खरं सांगतो, मला बरंही वाटत होतं. आता तरी आत जावंच लागणार होतं. ओल सपरीत बसून पाहता येत नाही.

मी सरळ दाराकडे गेलो. दोस्त दारात उभा होता आणि तो बाजूला झाला नाही. "बस ना," तो म्हणाला, "मी फोटो काढले हायेत." फोन पुढे केला. फोटोत भिंतीवर तपकिरी डाग होता, खिडकीच्या खालून सुरू होऊन देवघराच्या कोपऱ्याकडे पसरलेला. मी म्हणालो, फोटोवरून कसं सांगू? भिंतीला हात लावून पाहावा लागतो, कुठे गार लागते, कुठे कोरडी. आत येऊ दे.

"आई हाय आत."

"मग? मी काय तिला पहिल्यांदा पाहतोय?"

"तसं नाई बे." त्याने नजर उंबरठ्याकडे नेली. हळदकुंकू पुसून गेलं होतं पण कडेला थोडं उरलं होतं. विचारण्यासारखं राहिलं नव्हतं.

मी वळून खिडकीकडे गेलो. राग आला की मी काम करायला लागतो, ही माझी जुनी सवय. वाकून ग्रॅनाइटची पट्टी पाहिली. सपरीत सगळीकडे धूळ होती, गाड्यांची, धानाच्या कोंड्याची. पट्टी मात्र चकचकीत. तिच्या आणि भिंतीच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट पार धुऊन गेलं होतं. बोट आत जाईल एवढी भेग. हात फिरवला तर भेग ओली होती. त्या भेगेतून पाणी भिंतीत उतरत होतं आणि आतल्या बाजूने देवघरापर्यंत पोचत होतं. रोज पाणी पडल्याशिवाय असं होत नाही. कधीतरी सांडलेल्या चहाने तर नाहीच.

तेवढ्यात आतून खिडकी सरकली. दोस्ताची आई, हातात कागदी कप. "बाबू, चहा घे," ती म्हणाली, तशीच, मायेने.

मी विचारलं, "काकू, ही पट्टी रोज धुता का?"

"धुतेच ना. कोनी येऊन गेलं का तांब्याभर पानी टाकते. बरं राहते."

"कोणीही आलं की?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या मुलाकडे, आणि खिडकी हळूच सरकवून घेतली. चहा पट्टीवरच होता.

दोस्ताने मला दंडाला धरून कठड्यापाशी नेलं. त्याचा आवाज खाली आला होता, समजूत घालणारा. "दिलाले नको लावू बे. तिची एवढीच पिढी राहिली. मी मानतो का काही? तुह्या घरी जेवलो नाई का मी?" मी ओलं बोट रुमालाला पुसत होतो, त्याला वाटलं मी समजून घेतोय. मग तो जे बोलला ते त्याला चांगलंच वाटत होतं, याबद्दल मला शंका नाही. "अन खरं सांगू? म्हनूनच तर हे काम तुलेच दिलं. दुसऱ्यानं साधी पडवी ठोकून देल्ली असती, लोकायले लगेच कळलं असतं. तू अशी झकास सपरी केली का आत जावं असं कोनाले वाटतच नाई. आई बी खुश, तू बी खुश."

मी कठड्यावर बसलो. त्याने मागितलेली एकेक गोष्ट डोळ्यांसमोरून गेली. बेसिन, म्हणजे हात धुवायला आत यायला नको. संडास, त्यासाठीही नको. खोली, म्हणजे रात्री थांबलो तरी नको. खिडकी, म्हणजे कोणाला बाहेर येऊन माझ्या हातात कपही द्यायला नको. प्रत्येक रेघ मी काढली होती, आणि आनंदाने काढली होती. त्याने शिवी दिली असती तर मीही शिवी दिली असती आणि प्रकरण संपलं असतं. आमच्या लोकांना आंगणात थांबवायला पूर्वी दरडावून सांगावं लागायचं. इथे माझी पेन्सिल पुरली, आणि वर मला शाल मिळाली.

दोस्ताचा राग आला, त्याच्या आईचा आला, पण सगळ्यात जास्त राग आला तो या धंद्याचा. गिऱ्हाइकाला काय हवं ते ऐकून घ्यायचं आणि ते इतकं सुंदर करून द्यायचं की ते का हवं होतं हे कोणी विचारू नये, हेच तर आम्ही शिकतो. काच मागणाऱ्याशी मी भांडलो. पत्रा मागणाऱ्याशी भांडलो. ज्याने सपरी मागितली त्याला एक प्रश्न विचारला नाही, कारण त्याने माझ्या आवडीचं मागितलं होतं. आणि मला फसवायला त्याला खोटंही बोलावं लागलं नाही. आईचे गुडघे खरंच दुखतात.

बाबांना मी हे सांगू शकत नाही. ते अजून तिथे जातात. कठड्याला टेकून चहा पितात आणि घरी येऊन आज कोण कोण होतं ते सांगतात. त्यांच्या मागे तांब्याभर पाणी पडतं हे त्यांना कधी कळू नये असं मला वाटतं, आणि असं वाटल्याचाही मला राग येतो. त्यांनी आयुष्यभर उभं राहून जे पाहिलं ते आता बसून चाललं आहे, एवढाच काय तो माझ्या नक्शाचा फरक.

"मंग ओलीचं काय करायचं?" दोस्ताने विचारलं. मघाचं सगळं त्याच्याकडून मिटलं होतं.

मी म्हणालो, "पट्टीवर पाणी टाकणं बंद करा. आठ-पंधरा दिवसांत भिंत वाळेल. खर्च काही नाही."

तो डोकं खाजवत राहिला. खिडकीकडे पाहिलं. "ते सोडून सांग ना बे. दुसरं काही नाई होत का?"

होतं. धंदा आहे माझा, मला माहीत होतं. मी म्हणालो, "होतं. ही पट्टी काढायची आणि नव्याने बसवायची, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. सांध्यात वॉटरप्रूफिंग भरायचं. मग कितीही पाणी टाका, भिंतीत जाणार नाही."

"मंग पानी जाईल कुठं?"

"बाहेर येईल. सपरीत. आम्ही बसतो तिथे."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. शाळेपासून ते तोंड मी ओळखतो. ते पडेल, निदान क्षणभर तरी पडेल, याची मी वाट पाहत होतो.

त्याचा चेहरा उजळला. "मंग ठीक हाय ना," तो म्हणाला. "तसंच कर."